जुन्या ऑफिस कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, एसएमपीएस बदलावा लागेल का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

भाच्याची बारावी झाली, ॲनिमेशन शिकायचं म्हणतोय. त्याच्यासाठी एक रिफर्बिश्ड कॉम्प्युटर घेतला. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभं मोठं कॅबिनेट, आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी आणि वर एक जुनी हार्डडिस्क. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं मशीन आहे, पण आतून स्वच्छ आणि एकदम ठणठणीत. पोरगं दिवसभर ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) उघडून बसतं. साधी खुर्ची, टेबल वगैरे होतं. सीनमध्ये झाडं, गवत आलं की माउस अडखळायला लागतो आणि रेंडर (सीनचं अंतिम चित्र बनवणं) लावलं तर एका फ्रेमसाठी जेवून हात धुऊन यावं लागतं.

इथल्या दुकानदाराने उपाय सांगितला: वापरलेलं एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी) आणि सोबत ५०० वॅटचा नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा). आत्ताचा डेलचा एसएमपीएस २९० वॅटचा आहे, तो ‘ओढणार नाही’ म्हणे. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा विचारलं तर ‘चांगलाच आहे, सगळ्यांना हाच देतो’ एवढंच उत्तर मिळालं.

माझे प्रश्न साधे आहेत. एसएमपीएस बदलावाच लागेल का? हे कार्ड या कामाला योग्य आहे का? आणि एवढ्या जुन्या मशीनवर हा खर्च करावा का? पोराचा उत्साह खरा आहे, म्हणून नीट विचार करून करायचंय.

तुतारी
स्पष्ट बोलतो, राग नसावा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चौथ्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे २०१४ च्या आसपासचं मशीन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर लागतात. यात पैसे घालण्यापेक्षा थोडं थांबा, साठवा आणि नवीन घ्या.

बेळगावी_कुंदा
तुतारीजी, पोरगं आत्ता शिकायला बसलंय. थांबायला सांगितलं तर तोवर रील्स बघायला लागेल :)

माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे ऑप्टिप्लेक्स ७०१० आहे, हेच उभं कॅबिनेट. त्यातला २७५ वॅटचा एसएमपीएस काढून नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा बसवला. चार स्क्रू काढले, चार लावले, २४ पिनचा मोठा प्लग आणि प्रोसेसरचा ४ पिनचा प्लग दाबला, झालं काम. इतक्या दिवसांत एकदाही कुरकुर नाही. पंचगंगाकाठ, तुमचंही तसंच होईल, घाबरू नका.

सोल्डरमास्तर
थांबा थांबा. कुंदा यांनी सांगितलेलं ७०१० साठी शंभर टक्के बरोबर आहे. ९०२० ला ते लागू होत नाही, आणि नेमकं इथेच लोक फसतात.

७०१० पर्यंत डेलने या टॉवरमध्ये नेहमीचा २४ पिनचा प्लग ठेवला होता. ३०२०, ७०२०, ९०२० या पुढच्या मालिकेत मदरबोर्डचा मुख्य प्लग ८ पिनचा केला. बाजारातला कुठलाही एसएमपीएस आणा, त्याचा २४ पिनचा प्लग या बोर्डावर बसायला जागाच नाही. मध्ये २४ ते ८ पिनचा कन्व्हर्टर लागतो. एचपीच्या त्याच काळातल्या एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये तर ६ पिनचा प्लग आहे, त्याचा कन्व्हर्टर वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावायला जाऊ नका. मॉडेलचं नाव लिहिलेलाच मागवा.

दुसरी गोष्ट. कॅबिनेट उघडून बघा (बाजूची कडी ओढली की पत्रा निघतो). एसएसडीला आणि हार्डडिस्कला वीज कुठून येते? नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये ती वायर एसएमपीएसमधून थेट येते. तुमच्या मशीनमध्ये ती मदरबोर्डातून निघालेली दिसेल. डेलचा एसएमपीएस बोर्डाला फक्त १२ व्होल्ट देतो, ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो. योजना हुशारीची आहे, पण त्यामुळे एसएमपीएस बदलणं हे या मशीनमध्ये ‘चार स्क्रूंचं’ काम राहत नाही.

तुमच्या दुकानदाराने हे मशीन उघडून पाहिलंय का, ते आधी विचारा. ५०० वॅटचा डबा विकणं सोपं आहे.

पंचगंगाकाठ
मास्तर, आत्ताच उघडून पाहिलं. अगदी तसंच आहे! बोर्डाच्या कोपऱ्यातून काळी, लाल, पिवळी वायर निघून दोन्ही डिस्कना गेलीय. एसएमपीएसमधून दोनच जुडगे निघतात, एक बोर्डाला आणि एक प्रोसेसरजवळ. कार्डासाठी वेगळा प्लग कुठेच नाही.

रानजाई
मी पुण्यात मोशन ग्राफिक्सचं काम करते, रोज ब्लेंडरमध्येच असते. एसएमपीएसच्या चर्चेआधी एक सांगायलाच हवं: ब्लेंडरसाठी आरएक्स ५८० घेऊ नका.

कार्ड वाईट नाही. गेम खेळायला आजही पुष्कळ लोक वापरतात. पण ब्लेंडरने ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, ओपनसीएल (अशा कार्डांवर रेंडर चालवण्याचा जुना मार्ग) काढून टाकलं. त्यानंतर एएमडीच्या कार्डांवर सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडर चालतं ते एचआयपी नावाच्या मार्गाने, आणि त्यात ५८० ची पिढी कधीच घेतली नाही. म्हणजे भाचा कार्ड बसवेल, व्ह्यूपोर्ट (काम करतानाची सीनची खिडकी) छान फिरेल, आणि रेंडर लावलं की सगळं काम पुन्हा त्या बिचाऱ्या आय५ वर. जेवून हात धुऊन यायचं ते यायचंच.

शिकणाऱ्या मुलासाठी एनव्हिडियाचं कार्ड बघा. त्यात कूडा आहे, ऑप्टिक्स आहे (कार्डावर रेंडर चालवायचे एनव्हिडियाचे मार्ग), आणि यूट्यूबवरच्या बहुतेक धड्यांत तेच गृहीत धरलेलं असतं.

चौकसबुद्धी
रानजाईताईंचा प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली. माझ्याही डोक्यात ५८० च होतं.

मग एसएमपीएस न बदलता बसेल असं एनव्हिडियाचं कार्ड कोणतं? आणि २९० वॅट पुरतील हे कसं काढायचं? कोणी हिशेब मांडून दाखवेल का?

सोल्डरमास्तर
मांडतो. पाटी-पेन्सिल घ्या.

आय५-४५९० चा टीडीपी (पूर्ण ताणावर धरायचा वॅटचा आकडा) ८४ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, हार्डडिस्क, पंखे मिळून हात सैल सोडून ५० धरू. झाले १३४. आता कार्ड. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यायची मुभा आहे. त्यातले १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर म्हणजे ६६ वॅट, उरलेले ३.३ व्होल्टवर. ज्या कार्डाला वेगळा वीजप्लग नाही, ते या ७५ च्या आतच राहतं. १३४ आणि ७५ मिळून २०९. सगळं एकदम पूर्ण ताणावर गेलं तरी २९० मध्ये ऐंशी वॅट शिल्लक. आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण तापले आहेत असं कामात क्वचितच होतं.

आता ५८० बघा. त्याचं एकट्याचं १८५ वॅट. १३४ मध्ये मिळवलं की ३१९. म्हणजे ‘डेलचा ओढणार नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं त्या कार्डापुरतं खरं आहे. पण मुळात कार्डच चुकीचं असेल तर त्याच्यासाठी एसएमपीएस बदलण्यात काय अर्थ?

एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा बघू नका. लेबलावर छोटा तक्ता असतो, त्यात +१२व्ही च्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. त्याला १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तोच खरा आकडा. बिननावाच्या ‘५०० वॅट’ डब्यावर मी १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिलेलं पाहिलंय. गुणाकार करा, १९२ वॅट. डेलचा २९० त्याच्यापेक्षा केव्हाही भक्कम. हातात धरून वजन केलं तरी फरक कळतो.

अबोली
मास्तर, एक शंका. ऑनलाइन ‘साटा ते ६ पिन’ (साटा म्हणजे डिस्कचा प्लग) अशी छोटी वायर मिळते, शंभर-दीडशे रुपयांत. ती लावून प्लगवालं कार्ड चालवता येणार नाही का? म्हणजे एसएमपीएस तसाच राहील.

सोल्डरमास्तर
अबोलीताई, ती वायर घरात आणूसुद्धा नका. आणि या मशीनमध्ये तर नाहीच नाही.

साटाच्या वीजप्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात. एकेकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ६ पिनच्या प्लगमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. पिना तापतात, प्लॅस्टिक मऊ होतं, आणि पुढे काय होतं ते मी दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये पाहिलंय: प्लग डिस्कला चिकटून काळा पडलेला. ९०२० मध्ये भर म्हणजे ती साटाची वीज मदरबोर्डातून येते. डिस्कसाठी बनवलेल्या बोर्डावरच्या बारीक वाटेने तुम्ही ग्राफिक्स कार्ड चालवणार. एसएमपीएस वाचवायला जाऊन बोर्ड जाईल.

कोकणकडा
मास्तरांचा हिशेब बरोबर, पण मला एका मुद्द्यावर वेगळं वाटतं. तो २९० वॅटचा एसएमपीएस दहा वर्षांहून जुना आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेत सुकत जातात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३६-३७ अंशांवर असते. लेबलावर लिहिलेले २९० हे तो नवा असतानाचे. आता त्याच्यावर नवा भार टाकायचा आणि रात्रभर रेंडर लावायचं, हे मला पटत नाही. बदलायचाच असेल तर आत्ताच बदला, चांगल्या कंपनीचा ४५० वॅट आणि डेलचा कन्व्हर्टर.

सोल्डरमास्तर
कोकणकडा, मुद्दा योग्य आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण जुना म्हणजे खराब असं धरून चालण्यापेक्षा मोजून बघावं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी टोचणी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला, लाल टोचणी साटाच्या मोकळ्या प्लगमध्ये पिवळ्या वायरच्या बाजूला. आधी मशीन नुसतं चालू असताना आकडा घ्या, मग ब्लेंडरमध्ये रेंडर लावून दहा-पंधरा मिनिटांनी परत घ्या. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. भार आल्यावर आकडा ११.९ च्या आसपास स्थिर राहिला तर एसएमपीएस तब्येतीने बरा आहे. घसरत घसरत ११.५ कडे जायला लागला तर तुमचं म्हणणं खरं, बदला.

सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टवर मात्र विसंबू नका, ऑफिसच्या बोर्डांवर ते आकडे अनेकदा काहीच्या बाही येतात. आणि हिरवी-काळी वायर जोडून ‘पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला’ ही जी चाचणी दुकानात करतात, तिने तो चालू होतो एवढंच कळतं. भार पेलतो की नाही, ते कळत नाही.

एक विनंती: एसएमपीएसचा डबा उघडून आत बोट घालू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात.

म्युनिकवासी
आमच्याकडे जर्मनीत ऑफिसांतून निघालेली ही मशीन्स ढिगाने मिळतात, त्यामुळे अनुभव बराच आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे ९०२० चा चपटा छोटा प्रकार आहे (एसएफएफ), त्यांनी वरचा एसएमपीएस बदलण्याचा भाग सोडून द्यावा. त्यात २५५ वॅटचा लांबुळका एसएमपीएस असतो, बाजारातला नेहमीचा तिथे बसतच नाही. कार्डही अर्ध्या उंचीचं लागतं. एनव्हिडिया टी१००० किंवा ७० वॅटचं आरटीएक्स ए२००० अशी व्यावसायिक कार्डं त्यासाठी बघावीत. ए२००० मात्र दोन स्लॉटची जाडी घेतं, ते आधी मोजा. काही छोट्या डब्यांत कंपनीने स्लॉटची मर्यादाच ७५ पेक्षा कमी ठेवलेली असते, त्यासाठी सर्व्हिस मॅन्युअल वाचायला हवं.

पंचगंगाकाठ यांचं उभं कॅबिनेट आहे, त्यांना ही अडचण नाही.

अबोली
जरा अवांतर. आमच्या सावंतवाडीच्या घरी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. बाबा म्हणतात एसएमपीएस खराब. दुकानदाराने बदलून दिला तरी तेच. या धाग्यावर एवढे जाणकार आहेत म्हणून विचारते.

सोल्डरमास्तर
हे अवांतर अजिबात नाही. कार्ड बसवायच्या आधी प्रत्येकाने हे बघावं.

एसएमपीएस खराब नाही, तुमच्या घरचं अर्थिंग नाहीये किंवा तुटलंय. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, म्हणजे लाइनमधला गोंगाट अर्थिंगमध्ये निघून जावा. अर्थिंगच नसेल तर पत्रा या दोघांच्या मध्ये लटकतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटेल. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण कार्ड बसवताना, मॉनिटरची केबल लावताना तोच फरक केबलच्या टोकावर येतो आणि पोर्ट जाऊ शकतो. म्हणून असं कुठलंही काम प्लग काढूनच करायचं.

इलेक्ट्रिशियन बोलवा. थ्री पिनला टू पिनचा अडॅप्टर लावलाय का, ते आधी बघा. आणि कोणी अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटला की त्या वायरवरचा प्रत्येक पत्रा जिवंत होतो.

कोकणकडा
मास्तर +१. अबोली, आपल्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की असलेलं अर्थिंगही कमजोर होतं. आमच्या आळीत मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत आहे, कोळसा-मीठ घातलेला खड्डा असतो तो. पावसाळ्यात मुंग्या कमी येतात का, लक्षात ठेवून सांग.

अबोली
हो!! पावसात येत नाहीत. मला वाटायचं माझाच भास. उद्याच वायरमनकाकांना फोन करते. मनापासून धन्यवाद दोघांनाही.

लिनक्सवेडा
तुतारी यांनी विंडोज १० चा मुद्दा काढला म्हणून. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाका, मशीन अजून पाच वर्षं धावेल. ब्लेंडर लिनक्सवर उत्तम चालतं, एनव्हिडियाचा ड्रायव्हरही दोन क्लिकमध्ये येतो.

रानजाई
ब्लेंडरपुरतं सहमत. पण मुलगा पुढे एडिटिंगसाठी डाव्हिंची रिझॉल्व्ह उघडणार असेल तर लक्षात ठेवा, लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत मोबाइलचे नेहमीचे एच.२६४ व्हिडिओ उघडत नाहीत. आधी रूपांतर करावं लागतं. शिकाऊ मुलाची तिथेच चिडचिड होते. केडेनलाइव्ह या मोफत एडिटरने काम भागत असेल तर मिंट जरूर टाका.

चौकसबुद्धी
गाडी रुळावर आणतो :) बिनप्लगच्या एनव्हिडिया कार्डांत नक्की कोणतं? जीटी १०३०, १०५० टीआय, १६५०, सगळीच नावं ऐकलीत.

रानजाई
जीटी १०३० सोडून द्या. ३० वॅटचं कार्ड आहे, २ जीबी मेमरी, व्हिडिओ एन्कोडरही नाही. त्याचा डीडीआर४ मेमरीवाला प्रकार तर आणखीच हळू.

१०५० टीआय हे २०१६ चं, ४ जीबी. आपल्या काळात फार गुणी कार्ड होतं. पण एनव्हिडियाने त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. आज विकत घेऊ नये.

१६५० हे २०१९ चं, ७५ वॅट, ४ जीबी. वापरलेलं बजेटमध्ये बसतं आणि सायकल्स त्यावर चालतं. याची काही मॉडेल्स ६ पिनचा प्लग घेऊन येतात, काही बिनप्लगची असतात. खोक्यावर दोन्हीचं नाव सारखंच, म्हणून कार्डाच्या कडेचा फोटो मागा.

पण माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं नवीन घ्या. ७० वॅट, वेगळा प्लग नको, आणि सायकल्सला ज्याचा खरा उपयोग होतो ते रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे) कोअर त्यात आहेत, जे १६५० मध्ये नाहीत. एकाच सीनमध्ये गवत, केस, काच असं सगळं आलं की ४ जीबी पटकन भरतात. तिथे ६ जीबीचा फरक रोज जाणवतो. फक्त ८ जीबीचं ३०५० घेऊन येऊ नका. ते १३० वॅटचं आहे आणि त्याला वेगळी वीज लागते. दुकानात दोन्ही ‘३०५०’ म्हणूनच देतात.

आणि तुतारीदादा, तुमच्या कोंबडीबद्दल: दोन-तीन वर्षांनी मशीन बदललं तरी हे कार्ड काढून नव्यात घालता येईल. मसाला वाया जात नाही.

तुतारी
हे पटलं. कार्ड पुढच्या मशीनमध्ये जाणार असेल तर माझा आक्षेप मागे. ५८० आणि लोकल एसएमपीएस यांच्याबद्दल मात्र कायम आहे, ते दोन्ही कुठेच पुढे गेले नसते.

बेळगावी_कुंदा
तुतारीजींचा आक्षेप मागे! धागा यशस्वी झाला, पेढे वाटा. (बेळगावचा कुंदा मी पाठवतो.)

पंचगंगाकाठ, त्या ५८० बद्दल अजून एक. ‘२०४८ एसपी’ लिहिलेलं ५८० म्हणजे नाव ५८० आणि आतली चिप ५७० ची. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं की आकडा दिसतो. कोणाला गेमसाठी घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच चालवून बघा.

पंचगंगाकाठ
सर्वांचे आभार कसे मानू कळत नाही. केलेलं सांगतो.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मल्टिमीटर लावला. नुसतं चालू असताना १२.१, रेंडर लावून पंधरा मिनिटांनी १२.०. आकडा जागचा हलला नाही. टेस्टरही पत्र्याला लावून पाहिला, दिवा पेटला नाही, म्हणजे अर्थिंग ठीक. दुकानदाराला ५८० नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा ब्लेंडरचं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ३०५० ची ६ जीबीवाली पेटी मागवून दिली. पावती आणि वॉरंटी घेतली आहे.

बसवायचं काम भाच्यानेच करायचं ठरलंय. आधी काही बघायचं राहिलंय का?

म्युनिकवासी
कार्ड एका पंख्याचं, आखूड आहे ना? लांब कार्ड त्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या खणाला अडू शकतं. स्लॉटही नीट बघा. सोळा लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) लांबीचे दोन स्लॉट दिसतील, त्यातला एक आतून चारच लेनचा जोडलेला आहे. कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्ये घाला. आणि त्याआधी बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून, यूईएफआय या नव्या मोडवर आहे ना बघून घ्या. नवी कार्डं जुन्या लेगसी मोडमध्ये कधी कधी काळा पडदा दाखवतात.

सोल्डरमास्तर
प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज जाईल. मागच्या पट्टीची निळी कडी उघडा, जुनी पत्र्याची झाकणं काढा. कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबायचं. स्लॉटच्या टोकाची खुंटी ‘टक’ करून बसली पाहिजे. मॉनिटरची केबल आता कार्डाला, बोर्डाच्या जुन्या पोर्टला नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून येणाऱ्या निम्म्या फोनचं उत्तर हेच असतं.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळ ब्रशने काढा आणि प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलून टाका. एवढ्या वर्षांत ती सुकून खडू झालेली असते.

पंचगंगाकाठ
बसलं! पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला. भाच्याने पेस्ट पण बदलली, जुनी खरंच कुरतडून काढावी लागली. पण रेंडरला काहीच फरक नाही हो. व्ह्यूपोर्ट लोण्यासारखा फिरतोय, रेंडर मात्र पूर्वीइतकंच हळू. पोराचा चेहरा उतरलाय.

रानजाई
त्याला सांगा, काळजी नको. ब्लेंडर स्वतःहून कार्ड वापरत नाही. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टम इथे जाऊन सायकल्स रेंडर डिव्हाइसेसमध्ये ‘ऑप्टिक्स’ निवडायचं आणि कार्डाच्या नावापुढे खूण करायची. मग सीनच्या रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस ‘जीपीयू कॉम्प्युट’ करायचं. हे दुसरं प्रत्येक जुन्या फाइलमध्ये वेगळं करावं लागतं, तिथेच राहिलं असेल.

पंचगंगाकाठ
झालं!! प्रेफरन्सेसमध्ये खूण केली होती, फाइलमध्ये सीपीयूच होतं. आता तीच फ्रेम, तेच गवत, आणि मी पाण्याचा ग्लास आणायला गेलो तेवढ्यात तयार. रानजाईताई, भाचा म्हणतोय तुमचं काम बघायला मिळेल का कुठे?

रानजाई
नक्की, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि त्याला म्हणावं पहिला सीन इथे टाक, बघून सुचवेन.

सोल्डरमास्तर
रॅमचं राहिलं. ८ जीबीत ब्लेंडर आणि ब्राउझर सोबत उघडले की मशीन डिस्कवर लिहायला लागतं. बोर्डावर चार जागा आहेत, ३२ जीबीपर्यंत चालतं. डीडीआर३, १६०० ची, लॅपटॉपची नाही तर डेस्कटॉपची लांब पट्टी मागा. सारख्या दोन ४-४ च्या घेतल्यात तरी सध्या पुरे. आणि ती जुनी हार्डडिस्क वाजत असेल तर भाच्याच्या फाइल्स तिच्यावर ठेवू नका.

पंचगंगाकाठ
मास्तर, वाजते खरी. आजच सगळं एसएसडीवर हलवतो, रॅमचं पुढच्या पगाराला.